वासे शाबूत असतील तर

निरोगी फुप्फुस हातात घेतलं की आधी त्याचा हलकेपणा जाणवतो. आकारानं एवढं मोठं, तरी एकेकाचं वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर, आणि त्यातलाही बराचसा भाग रक्ताचाच. चिमटीत धरून हलकेच दाबलं की आत बारीक चुरचुर होते. ती असंख्य हवेच्या फुग्यांची. पाण्याच्या बादलीत सोडलं तर तरंगतं. मी पाहिलेल्या पहिल्या पोस्टमॉर्टेमच्या वेळी आमच्या सरांनी हे सगळं करून दाखवलं होतं. मग त्यांनी शेजारच्या ट्रेमधलं दुसरं फुप्फुस उचलून माझ्या हातात दिलं. ते जड होतं. दाबलं तर चुरचुर नाही, नुसता घट्टपणा. सुरीनं छेद घेतला तर आतला भाग मटणाच्या दुकानातल्या कलेजीसारखा, तांबूस आणि भरीव. बादलीत सोडल्याबरोबर ते तळाला गेलं. न्यूमोनिया.

सरांनी विचारलं, "हा माणूस वाचला असता, तर पुढं त्याचं फुप्फुस कसं राहिलं असतं?" आम्ही एका सुरात सांगितलं, "निकामी." सर म्हणाले, "दोन-तीन महिन्यांनी मी तुम्हाला तेच फुप्फुस दिलं असतं, तर बहुतेक तुम्हाला ओळखता आलं नसतं की इथं काही झालं होतं."

मला ते खरंच वाटेना. इतकं उद्ध्वस्त दिसणारं पुन्हा होतं तसं होतं, आणि वरून चांगली दिसणारी, तरंगणारी, चुरचुरणारी काही फुप्फुसं मात्र कधीच पूर्ववत होत नाहीत. असं का, हे समजलं तर श्वसनाच्या बहुतेक आजारांची मेख हाती लागते. म्हणून या प्रकरणात प्रत्येक आजारापाशी थांबून मी एकच गोष्ट पाहणार आहे: आतली चौकट उभी आहे का?

ती चौकट आधी पाहू. श्वासनलिका छातीत शिरली की तिला दोन फाटे फुटतात, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, असं साधारण 23 वेळा होतं. सुरुवातीला अंगठ्याएवढी जाड असलेली नळी शेवटी अर्ध्या मिलिमीटरहून बारीक होते आणि द्राक्षाच्या घडासारख्या वायुकोशांत संपते. असे वायुकोश 30 ते 50 कोटी. सगळे उलगडून पसरले तर जवळपास 70 चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे मुंबईतला चांगला दोन बेडरूमचा फ्लॅट. आत हवा, बाहेर रक्त, आणि मधला पडदा अर्ध्या मायक्रॉनचा. वहीचा कागद याच्या दोनशे पट जाड असतो. इतक्या पातळ भिंती उभ्या राहतात त्या दोन गोष्टींच्या जोरावर. एक म्हणजे पेशींच्या खाली पसरलेला चिवट पायापडदा, आणि दुसरी म्हणजे भिंतीभिंतींतून विणलेले लवचीक तंतू. पेशी म्हणजे गिलावा. पडला तर पुन्हा करता येतो. वायुकोशांत त्यासाठी राखीव पेशी असतात, त्या वाढून पसरतात आणि नवा थर देतात. तंतू आणि पायापडदा म्हणजे घराचे वासे. गिलावा कितीही पडला तरी वासे शाबूत असतील तर घर पुन्हा उभं राहतं. 2019 च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडे ज्यांनी घरातला गाळ उपसला, त्यांना हा फरक समजावून सांगायला नको. पक्की घरं पंधरा दिवसांत धुऊन निघाली, मातीची घरं बसली ती बसलीच.

आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यामुळे होतो. फुप्फुसाच्या आतल्या मांसाला दुखणं कळत नाही. न्यूमोनियात छातीत सुई टोचल्यासारखं होतं ते बाहेरच्या आवरणामुळे. आत मात्र निम्मं घर पोखरून निघालं तरी वेदना म्हणून काही नाही. दाढ किडली तर रात्र काढणं मुश्कील होतं. फुप्फुस किडलं तर माणूस म्हणतो, वय झालं, जिना चढवत नाही.

आता न्यूमोनियाकडे परत येऊ. जुन्या पॅथॉलॉजिस्टांनी त्याचे चार टप्पे सांगितले ते आजही शिकवावेत इतके नेमके आहेत. न्यूमोकॉकस नावाचा जिवाणू वायुकोशात पोचला की पहिल्या दिवशी भोवतालच्या केशवाहिन्या फुगतात आणि वायुकोशांत पातळ पाणी झिरपतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पाण्यात तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणारे धागे भरतात. सगळा खंड लाल आणि कलेजीसारखा घट्ट होतो. रुग्णाचा बेडका गंजाच्या रंगाचा पडतो तो या वेळी. पुढच्या काही दिवसांत तांबड्या पेशी विरघळतात, खंड राखाडी होतो, आत नुसता पांढऱ्या पेशींचा खच. आणि आठवड्याच्या पुढं चौथा टप्पा सुरू होतो. सफाई कामगार पेशी आत शिरतात, धागे पचवतात, मेलेल्या पेशी गिळतात, उरलेलं काही खोकल्यावाटे बाहेर टाकलं जातं, काही लसीकावाहिन्यांतून वाहून जातं. पेनिसिलीन येण्याआधीच्या काळात याच सुमाराला, सातव्या ते नवव्या दिवशी, घाम सुटून ताप एकदम उतरत असे किंवा माणूस दगावत असे.

स्लाइडवर न्यूमोनिया पाहताना माझं लक्ष गर्दीकडे जात नाही, भिंतींकडे जातं. वायुकोशांत पेशींची जत्रा भरलेली असते, पण भिंतींची रेघ अखंड असते. पूर घरात शिरलेला आहे, वासे जागच्या जागी आहेत. सरांच्या उत्तराचं मर्म तेच होतं. एक्सरेवरचा पांढरा डाग पुसायला आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसात जास्तच, पण पुसतो.

सगळे जिवाणू इतके सभ्य नसतात. स्टॅफिलोकॉकस आणि क्लेब्सिएला भिंतीच विरघळवतात, तिथं पू होऊन पोकळी पडते आणि बरं झाल्यावर व्रण राहतो. करोनाच्या साथीत आपल्याकडे घराघरांत एचआरसीटीचा पंचवीसपैकी स्कोअर तोंडपाठ झाला होता. त्या आकड्यातून फुप्फुस किती व्यापलं ते कळत होतं, पण आतला पायापडदा किती ठिकाणी उघडा पडला हे कळत नव्हतं. जबर आजारी रुग्णांमध्ये वायुकोशांचा आतला थर सोलून निघे आणि त्या जागी मेलेल्या पेशी व प्रथिनांचा काचेसारखा गुलाबी लेप बसे. अठरा-वीस स्कोअरचे काही लोक वर्षभरात गड चढू लागले आणि काहींना ऑक्सिजन घरी न्यावा लागला, त्याचं एक मोठं कारण या पडद्यात होतं.

दम्याचं दुखणं वायुकोशांत नाही, नळ्यांत आहे. दम्याच्या झटक्यात गेलेल्या माणसाची छाती उघडली की फुप्फुसं बसत नाहीत. एरवी हवा निघून ती आक्रसतात. इथं ती टम्म फुगलेली, हृदयावर चढून आलेली दिसतात. आत गेलेली हवा बाहेर पडलेलीच नसते. नळ्या उभ्या चिरल्या तर आत डिंकासारखा चिकट कफ, नळीच्या आकाराचाच साचा होऊन बसलेला. चिमट्यानं ओढला तर फांद्यांसकट बाहेर येतो. जिवंतपणी खोकून काढलेल्या बेडक्यात हाच कफ पिळवटलेल्या दोरीसारखा दिसतो. त्याला कुर्शमानचे सर्पिल म्हणतात. त्याच्या शेजारी सुईसारखी दोन्हीकडे टोकदार स्फटिकं असतात. ती इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्यातल्या प्रथिनाची बनतात. शार्को आणि लायडन यांची नावं त्यांना मिळाली आहेत. इओसिननं रंगवलेल्या स्लाइडवर या पेशी लालभडक दाण्यांनी भरलेल्या दिसतात, नळीच्या भिंतीत शेकड्यांनी पसरलेल्या. एका अर्थानं दमा म्हणजे परागकण, धूळ, बुरशी यांच्यावर सोडलेली चुकीची फौज.

या फौजेमुळे तीन गोष्टी एकदम होतात. नळीभोवतीचा स्नायू आवळतो, भिंत सुजते आणि कफ वाढतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. म्हणून दम्याचा रुग्ण सकाळी बोलत-चालत असतो आणि संध्याकाळी त्याला एक वाक्य पुरं करता येत नाही.

पण इथंही वासे उभे आहेत. नळ्या आवळल्या आहेत, मोडलेल्या नाहीत. पंपाचा फवारा ओढल्याबरोबर मोकळं वाटतं ते स्नायू सैल झाल्यामुळे. भिंतीतली फौज मात्र तशीच असते. तिला शांत करतो तो श्वासातून घ्यायचा स्टिरॉइड, आणि तोही मायक्रोग्रॅममध्ये, गोळीतल्या मिलिग्रॅमच्या मानानं नगण्य. लग्नाच्या मुलीचा पंप कपाटात लपवून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. "सवय लागते" या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलं आहे तेवढं धुळीनंही केलं नसेल. कारण वर्षानुवर्षं सूज तशीच ठेवली तर पायापडद्याखाली व्रणाचा थर जाड होत जातो, स्नायू वाढतो आणि जी नळी औषधानं उघडत होती ती हळूहळू उघडेनाशी होते. दमा हा परत फिरण्याजोगा आजार आहे. त्याला परत फिरू द्यायचं की नाही हे आपल्या हातात असतं.

क्षयाची तऱ्हा निराळी. इथं वासे मोडतो तो बव्हंशी आपलाच पहारा. रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जिवाणू दाखवला. मेणचट आवरणाचा हा जिवाणू सफाई पेशींनी गिळला तरी पचत नाही, उलट त्यांच्या पोटातच वाढतो. मग शरीर त्याला वेढा घालतं. स्लाइडवर हा वेढा ओळखू येतो: मध्ये मेलेला भाग, भोवती लांबट पेशी, त्यात अनेक पेशी एकत्र येऊन झालेल्या राक्षसी पेशी, ज्यांची केंद्रकं कडेनं घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात, आणि बाहेरून लिंफोसाइटचं कुंपण. मधला मेलेला भाग डोळ्यांना पांढरा, मऊ, भुसभुशीत दिसतो. युरोपातल्या डॉक्टरांना त्यात चीज दिसलं आणि तेच नाव शास्त्रात रूढ झालं. माझ्या डोळ्यांना तो नेहमी कोरडा पडलेला खवा वाटतो. जिवाणू रक्तात सुटून सगळ्या अंगभर पसरला तर फुप्फुसात सारखे बारीक दाणे उठतात. त्या प्रकाराचं वैद्यकीय नाव लॅटिनमधल्या बारीक भरड धान्याच्या दाण्यावरून आलं आहे, आणि एक्सरे पाहणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही बाजरीच आठवेल.

बहुतेकांमध्ये हा वेढा यशस्वी होतो. आत जिवाणू निपचित, बाहेर चुनखडीची भिंत. माणसाला आयुष्यभर पत्ताही नसतो. पण मधुमेह, कुपोषण, एचआयव्ही किंवा म्हातारपण यांनी पहारा ढिला पडला की तो खवा पातळ होतो, नळीत फुटतो आणि मागं पोकळी राहते. ती बहुधा फुप्फुसाच्या शेंड्याला असते, जिथं जिवाणूला भरपूर ऑक्सिजन मिळतो. पोकळीतून रक्तवाहिनी गेली असेल आणि तिची भिंत झिजली तर खोकल्यावाटे रक्त येतं. औषधानं जिवाणू मरतात. पोकळी आणि तिच्याभोवतीचा व्रण राहतो. म्हणून बरा झालेला क्षयरोगीही पुढं धापेनं दवाखान्यात येतो, आणि त्याला पुन्हा क्षयाचीच औषधं सुरू होतात असं फार वेळा घडतं. जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, तेव्हा ही अशी व्रण पडलेली फुप्फुसं किती असतील याचा अंदाज करावा.

आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानं गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कॉखचा शोध लागून तेव्हा पाच वर्षं झाली होती. शत्रूचं नाव, रूप, रंग सगळं ठाऊक होतं, आणि त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन मिळायला 1943 उजाडलं. कारण कळणं आणि उपाय मिळणं यांच्यातलं हे अर्ध्या शतकाहून मोठं अंतर मला क्षयाची प्रत्येक स्लाइड पाहताना बोचतं. आज ते अंतर नाही. गोळ्या फुकट मिळतात. तरीही त्या स्लाइड येतच राहतात.

धूळ हा या सगळ्यात दबक्या पावलांनी येणारा प्रकार. नाकातले केस आणि घशाची वळणं मोठे कण अडवतात. त्याहून बारीक कण नळ्यांच्या ओल्या थरावर चिकटतात आणि खालचे सूक्ष्म केस, सेकंदाला दहा-वीस वेळा हलत, तो थर वर घशाकडे ढकलत राहतात. आपण दिवसभर तो नकळत गिळतो. जे कण यातूनही सुटून वायुकोशात पोचतात ते सफाई पेशी गिळतात. काजळी असेल तर ती पेशी काळी होऊन पडून राहते. शहरातल्या प्रत्येक फुप्फुसावर दिसणारी काळी जाळी ती हीच. पण कण गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा असेल तर तो पेशीला आतून फाडतो. पेशी मरते, कण सुटतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. प्रत्येक मरणारी पेशी व्रण घालणाऱ्या पेशींना हाक देते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि कांद्याच्या पाकळ्यांसारख्या वेटोळ्यांच्या कठीण गाठी तयार होतात. काम सोडलं तरी कण आतच असतो, त्यामुळे आजार वाढत राहतो. शिवाय अशा फुप्फुसाला क्षय सहज धरतो, आणि दगडफोड्याचा सिलिकोसिस क्षय म्हणूनच नोंदला जातो. मध्य प्रदेशातल्या मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार भयंकर प्रमाणात आढळला होता. आपण सगळ्यांनी त्या पेन्सिलीनं मुळाक्षरं गिरवली.

मुंबईच्या गिरणगावाचा आजार वेगळा होता. ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये कापसाचे गठ्ठे फुटत, तिथं हवेत तंतूंबरोबर कापसाच्या बोंडावरच्या जिवाणूंचं विष उडे. कामगाराची छाती आवळे ती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला. आठवडा पुढं सरकेल तसं बरं वाटे, पुढच्या सुट्टीनंतर पुन्हा तेच. सुट्टीत आराम झाला म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटायला हवं, तर इथं उलटं, त्यामुळे लोक त्याला आळस समजत. बिसिनोसिस नावाच्या या आजारात सुरुवातीला नळ्या फक्त आवळतात; दहा-वीस वर्षांनी सात दिवसांपैकी एकही दिवस मोकळा राहत नाही.

कबुतरांना दाणे घालण्यावरून मुंबईत 2025 मध्ये मोठा वाद पेटला. भावनेच्या बाजूनं मी काही बोलणार नाही, स्लाइडवर काय दिसतं तेवढं सांगते. विष्ठा आणि पिसांवरच्या भुकटीतल्या प्रथिनांविरुद्ध काहींच्या शरीरात तीव्र प्रतिक्रिया उठते. बारीक नळ्यांभोवती लिंफोसाइट गोळा होतात, मधूनच सैलसर, विस्कळीत गाठी दिसतात; क्षयातल्या गाठींसारख्या आखीव नाहीत आणि त्यांच्यात खवाही नाही. या अवस्थेत खिडकी बदलली, पक्षी दूर झाले, तर बरंच काही मागं फिरतं. नाही झाले तर व्रण पडत जातो, वायुकोश चुरगळतात आणि फुप्फुसाच्या कडा मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसू लागतात. स्टेथोस्कोप लावला तर व्हेल्क्रोची पट्टी उकलल्यासारखा आवाज येतो. पोळं झालं की परतीची वाट नाही. भारतातल्या 27 केंद्रांनी मिळून केलेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदणीत फुप्फुसाच्या व्रणकारी आजारांपैकी जवळपास निम्मे या ॲलर्जीच्या जातीचे निघाले. त्यात पक्ष्यांइतकेच, किंबहुना जास्त, ओले बुरसटलेले एअर कूलर गुंतलेले होते. उसाच्या चिपाडाचे ढीग कुजले की त्यातल्या जिवाणूंनीही हेच होतं, साखर कारखान्यांच्या भागात हे माहीत असायला हवं.

आणि आता धूर. सिगारेटचा किंवा विडीचा धूर नळीतल्या त्या हलणाऱ्या सूक्ष्म केसांना आधी लुळं करतो. झाडू थांबला की कफ साठतो. साठलेला कफ काढायला उरतो फक्त खोकला, म्हणून ओढणाऱ्याची सकाळ खोकल्यानं सुरू होते. कफ बनवणाऱ्या ग्रंथी फुगतात. लिन रीड या ऑस्ट्रेलियन पॅथॉलॉजिस्ट बाईंनी 1960 मध्ये त्या मोजण्याची सोपी रीत दिली: नळीच्या भिंतीच्या जाडीपैकी ग्रंथींनी किती जागा घेतली. निरोगी नळीत ती 40 टक्क्यांच्या आत असते, जुनाट ब्राँकायटिसमध्ये त्याहून बरीच पुढं जाते. केसांच्या नाजूक पेशी जाऊन त्यांच्या जागी कातडीसारख्या चपट्या पेशी येतात. शरीर आपल्या परीनं फरशी मजबूत करतं. पण याच बदललेल्या थरात पुढं कधी पेशी ताळतंत्र सोडतात, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका जातीचा उगम तिथं असतो.

त्याच वेळी खाली वायुकोशांत वाळवी लागलेली असते. धुरानं बोलावलेल्या पांढऱ्या पेशी लवचीक तंतू पचवणारं विकर सोडतात. रक्तात त्याला आवर घालणारं प्रथिन असतं. धूर त्यालाही निकामी करतो. 1963 मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांना काही रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच नसल्याचं आढळलं, आणि त्यांच्यातल्या काहींची फुप्फुसं ऐन उमेदीत पोखरली गेली होती. तिथून हा सगळा हिशोब उलगडला. तंतू तुटले की शेजारचे वायुकोश एकमेकांत मिसळून पोकळ्या होतात. यालाच एम्फिसीमा म्हणतात. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकनं फुप्फुसात हवा भरून, ती वाळवून या पोकळ्या पाहिल्या आणि 1819 च्या आपल्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं. 1949 मध्ये गॉफ आणि वेंटवर्थ यांनी कार्डिफमध्ये अख्ख्या फुप्फुसाचा पातळ काप कागदावर चिकटवण्याची पद्धत काढली. तो काप उजेडात धरला की कसरीनं खाल्लेल्या लुगड्यासारखा दिसतो.

हे फुप्फुस हलकं असतं. चुरचुरतं. बादलीत तरंगतं, निरोगी फुप्फुसापेक्षाही वर. माझ्या विद्यार्थीदशेतल्या दोन ट्रेमध्ये हे तिसरं ठेवलं असतं तर आम्ही ते बिनदिक्कत चांगल्यात टाकलं असतं. वासेच नाहीत, म्हणून ते हलकं. श्वास आत घेणं स्नायूंचं काम आहे, पण सोडणं हे तंतूंच्या ताणावर चालतं. ताण गेला की हवा आत अडकते. म्हणून असा रुग्ण मेणबत्ती विझवत असल्यासारखे ओठ आवळून श्वास सोडतो, दोन्ही हात मांडीवर रोवून बसतो, जेवताना मध्येच थांबतो. स्पायरोमीटरमध्ये जोरात फुंकायला लावलं तर छातीतली सत्तर-ऐंशी टक्के हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडायला हवी. याची तेवढी पडत नाही. ही साधी चाचणी आपल्याकडे किती कमी केली जाते याचं मला दुःख वाटतं. फ्लेचर आणि पेटो यांनी 1977 मध्ये दाखवलं की धूम्रपान सोडल्यावर गेलेली ताकद परत येत नाही, पण घसरणीचा वेग न ओढणाऱ्या माणसाइतका खाली येतो. पन्नाशीला सोडलं तरी पुढच्या वीस वर्षांचा फरक पडतो.

आमच्या संग्रहालयात फॉर्मलिनच्या एका बरणीत एका फुप्फुसाचा काप आहे. विद्यार्थ्यांना मी तो शेवटी दाखवते. फुप्फुस काळंकुट्ट, नळ्यांच्या भिंती जाड, फाट्यांपाशी शाईसारखे डाग आणि त्या डागांभोवती ओढलेले व्रण. पोकळ्या आहेत, पण सिगारेटवाल्यात असतात त्यापेक्षा कमी. "कोणाचं?" म्हटलं की उत्तरं ठरलेली: पुरुष, विडी, दिवसाला दोन बंडलं, फार तर कोळशाच्या खाणीतला. मग मी बरणी फिरवते. मागच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे: स्त्री, वय 62, व्यवसाय घरकाम. पुण्याच्या संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्याबरोबर 2009 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहून जगाचं लक्ष वेधलं ते याच माणसांकडे: कधीही न ओढलेल्या आणि तरी फुप्फुस पोखरलेल्या.

वर्ग गप्प होतो. कुणीतरी विचारतं, नुसत्या स्वयंपाकानं इतकं? तेव्हा मी आमच्या आजीची फुंकणी वर्गात आणते. हातभर लांबीची लोखंडी नळी, एक टोक काळं, दुसरं ओठांनी घासून गुळगुळीत झालेलं. पहाटे साडेचारला ती चुलीपुढं बसायची. ओल्या लाकडांचा किंवा गोवऱ्यांचा धूर कोंदला की डोळे पुसायची, खोकायची, फुंकणी तोंडाला लावायची. एका मुलाला मी पुढं बोलावते, फुंकणी हातात देते आणि म्हणते, फुंक जोरात. तो फुंकतो. मग बाकीच्यांना विचारते, फुंकण्याच्या आधी यानं काय केलं, पाहिलंत? त्यानं छाती भरून श्वास घेतला होता.